दहा रुपयांची नोट

बालमित्रांनो, गोष्ट सांगण्याआधी आज तुम्हाला एक प्रश्न विचारते. उत्तर मनातल्या मनात द्यायचं, पण खरं खरं द्यायचं हं!

तुम्ही आईबाबांबरोबर एस.टी.त बसला आहात. गाडी स्टँडवर थांबली आहे. तुमच्या हातात नुकताच घेतलेला भेळेचा पुडा आहे. एवढ्यात खिडकीखाली तुमच्याच वयाची एक मुलगी येते. केस विस्कटलेले, पायात चप्पल नाही, काखेत लहान भाऊ. ती काही न बोलता हात पुढे करते. तुम्ही काय कराल?

हाच प्रश्न मी एकदा माझ्या चौथीच्या वर्गात विचारला. तर वर्गात असा गलका झाला म्हणता! एक म्हणाला, "बाई, मी दोन रुपये देणार." दुसरी म्हणाली, "मी भेळ देणार." तिसरा लगेच उठून म्हणाला, "बाई, अजिबात द्यायचं नाही. माझे मामा सांगतात, त्यांची टोळी असते. पैसे टोळीवाला घेतो." आणि मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मी तिकडं बघतच नाही. मला भीती वाटते." मग सगळ्यांनी मिळून मलाच विचारलं, "बाई, तुम्ही काय करता?"

मुलांनो, शिक्षकांना सगळी उत्तरं येतात असं तुम्हाला वाटतं ना? तसं काही नसतं बरं का! त्या दिवशी मी फळ्याकडे वळले आणि उगाचच तारीख नीट लिहू लागले. कारण या प्रश्नाचं उत्तर देताना मी एकदा साफ चुकले होते. तीच चूक आज तुम्हाला सांगणार आहे.

मी तुमच्याएवढी होते तेव्हा आमच्या गावात पहाटे वासुदेव यायचा. डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात टाळ-चिपळ्या. त्याच्या गाण्यानेच आम्हाला जाग यायची. आजी सुपात ओंजळभर ज्वारी घेऊन मला दारात पिटाळायची. "दारात आलेल्याचा हात रिकामा जाऊ द्यायचा नाही," हा तिचा नेम. वासुदेव गेला की कधी पिंगळा यायचा, मंगळवारी जोगवा मागणाऱ्या बायका यायच्या. दुपारी एक म्हातारे बुवा यायचे, त्यांना आजी भाकरीवर कोरड्यास घालून द्यायची आणि वर चौकशीही करायची, "काल कुठं होता? खोकला बरा आहे का?"

पूर्वी तर शिकणारी गरीब मुलंसुद्धा माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत. म्हणजे सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या. अशी चार घरची भाकरी खाऊन शिकलेली कितीतरी माणसं पुढे मोठी झाली. त्यामुळे मागणाऱ्याला देणं हे चांगलंच काम, याबद्दल माझ्या मनात कधी शंकाच आली नाही. शंका आली ती पंढरपूरला.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात शिकवते. दिवाळीची सुट्टी संपायला दोन दिवस होते. सासूबाईंना कार्तिकी एकादशीला पंढरपूरला जायचं होतं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. चंद्रभागेच्या वाळवंटात माणसांचा नुसता पूर लोटला होता. टाळ, मृदंग, फुगे, बुक्क्याची आणि चुरमुऱ्यांची दुकानं! आम्ही स्नान करून घाटाच्या पायऱ्या चढू लागलो. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना मागणाऱ्यांची रांग बसली होती. कुणी म्हातारं, कुणी आंधळं, कुणाच्या मांडीवर तान्हं मूल. प्रत्येकापुढे एक फडकं, फडक्यावर नाणी आणि मूठ मूठ तांदूळ.

सासूबाईंनी घरूनच सुट्टी नाणी आणली होती. त्या एकेकाला नाणं टाकत पुढे चालल्या होत्या. एवढ्यात एका मुलाने माझा पदर ओढला. "माउली, द्या की! सकाळपासनं काही खाल्लं न्हाई, माउली!" कपाळभर बुक्का, अंगात सैल सदरा. मान खालीच. मी थांबले तशी त्याने मान वर केली. आणि आम्ही दोघंही जागच्या जागी गोठलो.

तो माझा विद्यार्थी होता! तिसरीतला. त्याचं खरं नाव मी इथे सांगणार नाही, आपण त्याला बाळू म्हणू. सहामाही परीक्षेला तो आला नव्हता. वर्गातली मुलं म्हणाली होती, "बाई, त्याचे बाबा पडलेत." मी हजेरीपटावर लाल शाईने गैरहजेरी मांडली होती, आणि सुट्टीनंतर बघू, असं म्हणून विसरून गेले होते.

"बाई!" एवढंच तो म्हणाला. नाण्यांची मूठ त्याने पाठीमागे लपवली. शाळेत एखाद्याच्या दप्तरातून चिंचा निघाल्या की कसा चेहरा होतो, तसा त्याचा चेहरा झाला होता.

आणि मी काय केलं, मुलांनो? त्याला जवळ घेतलं? आई कुठे आहे म्हणून विचारलं? नाही. मला काही सुचलंच नाही. पर्समधून दहा रुपयांची नोट काढली, त्याच्या हातात कोंबली आणि भराभर पायऱ्या चढून गर्दीत मिसळले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. वर गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एकादशीला लेकराच्या हातावर दिलंस, पुण्य लागेल हो!" मला मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं. त्या दिवशी दर्शनाच्या रांगेत मी विठोबाचं नाव घेत नव्हते, स्वतःलाच विचारत होते, 'तू पळालीस का?'

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी बाळू नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला. शेवटी रविवारी मी त्याच्या वस्तीवर गेले. पत्र्याचं एक खोपटं. दारात बाजेवर त्याचे वडील पडले होते. त्यांच्या मांडीला प्लास्टर. शेजारच्यांच्या घरावर पत्रे टाकताना पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं, असं त्यांनी सांगितलं. आई चुलीपुढे बसली होती. मला पाहून तिने घाईघाईने पोतं अंथरलं.

तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल, आमच्याकडची पुष्कळ कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. त्यासाठी मुकादम आधीच पैसे देतो. त्याला म्हणतात 'उचल'. हंगामभर काम करून ती उचल फेडायची.

"बाई, आमचा कोयताच मोडला," बाळूची आई म्हणाली. "उचल तर दवाखान्यात गेली. आता एकटीला कोण घेणार ऊसतोडीला? मुकादम पैसं माघारी मागतोय."

"पण बाळूची आई, त्यासाठी लेकराला हात पसरायला लावायचा? त्याची शाळा बुडते ना!" मी जरा रागानेच बोलले.

ती रागावली नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "बाई, म्या हात पसरला तर लोक म्हणत्यात, धडधाकट हायेस, काम कर. आन् बाळ्यानं पसरला तर देत्यात. लेकराकडं बघून लोकांचा हात सुटतो. पंढरीत म्या दिवसभर बसली तर साठ-सत्तर रुपयं मिळालं. त्याला चारशे. मी खुरपाय गेली तर अडीचशे मिळत्यात, ते बी रोज न्हाई. मंग सांगा, म्या काय करू?"

मी काही बोलू शकले नाही. मुलांनो, हा हिशोब तुम्हीही करून पाहा. त्या घाटावर दोनशे लोकांनी बाळूला दोन-दोन रुपये दिले असतील. प्रत्येकाला वाटलं, 'दोनच रुपये तर आहेत! त्याने काय होतंय?' पण २०० गुणिले २ म्हणजे ४००. आईच्या दिवसभराच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त! आम्ही सगळ्यांनी मिळून नकळत ठरवून टाकलं होतं की, या घरात कामावर जायचं ते आठ वर्षांच्या मुलाने. आणि त्या हिशोबात माझीही दहा रुपयांची नोट होती. खरं म्हणजे सगळ्यांत मोठी नोट माझीच होती.

पुढचा बेतही ठरलेला होता. मंगळवारी तुळजापूर, गुरुवारी अक्कलकोट. जिथे ज्या दिवशी भाविकांची गर्दी, तिथे त्या दिवशी जायचं. आमच्या शाळेत जसं भिंतीवर वेळापत्रक लावलेलं असतं, तसंच बाळूचं नवं वेळापत्रक तयार झालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, पण मामा म्हणतात ती टोळी कुठे आहे?" बाळूच्या गोष्टीत टोळी नव्हती. एक मोडलेलं हाड होतं, एक कर्ज होतं आणि एक हतबल आई होती. पण म्हणून मामा सगळं खोटं सांगतात असंही नाही. मुलांना पळवून, धमकावून भीक मागायला लावणारी दुष्ट माणसं असतात, म्हणून तर त्यासाठी कडक कायदे करावे लागले. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला भीक मागायला लावणाऱ्या माणसाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, भीक मागवण्यासाठी मुलाला पळवून नेलं तर किमान दहा वर्षं सक्तमजुरीची शिक्षा आहे. त्यासाठी मुलाला अपंग केलं तर किमान वीस वर्षं!

अडचण अशी आहे की, एस.टी.च्या खिडकीतून बघताना पळवून आणलेला मुलगा आणि आमचा बाळू अगदी सारखेच दिसतात. दोघांचे केस विस्कटलेले, दोघांचा हात पुढे. आपण नाणं टाकतो, गाडी सुटते. ते नाणं पुढे कुणाच्या हातात गेलं हे आपल्याला कळतच नाही. मात्र दोन्हीकडे एक गोष्ट नक्की घडते. त्या मुलाला उद्या पुन्हा तिथेच उभं राहावं लागतं.

बरं, मग भीक मागण्यालाच बंदी घातली तर? मोठ्या माणसांनी तेही करून पाहिलं आहे. १९५९ साली त्या वेळच्या मुंबई राज्याने भीक मागण्याला प्रतिबंध करणारा कायदा केला. पुढे तो दिल्लीसह इतर ठिकाणीही लागू झाला. त्यात पोलीस भीक मागणाऱ्याला पकडू शकत आणि त्याला एक ते तीन वर्षं सरकारी गृहात ठेवता येई. गंमत म्हणजे, गाणं गाऊन, नाच करून किंवा भविष्य सांगून दान घेणंसुद्धा त्या कायद्यात भीकच ठरतं! हे वाचलं तेव्हा मला आमचा वासुदेव आठवला. ज्याच्या गाण्याने आमची पहाट व्हायची, तो कायद्याच्या पुस्तकात गुन्हेगार?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने भीक मागणं हा गुन्हा ठरवणारी या कायद्यातली कलमं दिल्लीपुरती रद्द केली. ज्याच्याकडे पोट भरायचा दुसरा मार्ग नाही, त्याला गरीब असल्याबद्दल शिक्षा कशी करायची, असा तो विचार होता. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढेही असाच प्रश्न आला. भीक मागणाऱ्यांना रस्त्यांवरून हटवण्याचा आदेश द्यायला न्यायालयाने नकार दिला. माणसं हौसेने भीक मागत नाहीत, गरिबीमुळे मागतात, असं त्याचं म्हणणं होतं. उलट मध्य प्रदेशात इंदूरच्या प्रशासनाने १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरच गुन्हा नोंदवायचं जाहीर केलं. पाहिलंत ना? मोठमोठ्या शहाण्या माणसांचंही या प्रश्नावर एकमत नाही. मग माझ्या चौथीच्या वर्गात गलका झाला, यात नवल काय!

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात भिकारी आणि निराधार भटकणारे म्हणून नोंदवलेली माणसं होती ४ लाख १३ हजार ६७०. पण आकडा वाचून काही कळत नाही. त्यातला एक जरी ओळखीचा निघाला, की मग कळतं.

असो. पुन्हा बाळूकडे येऊ. मी परत आले आणि आमच्या मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. समितीत गावातलेच पालक असतात. त्यांच्यातल्या एकाची द्राक्षबाग होती. त्यांनी बाळूच्या आईला हंगामभर बागेत रोजचं काम देऊ केलं. सरपंच आणि दोघंतिघं मुकादमाकडे गेले. मुकादमही काही राक्षस नव्हता, त्यालाही वर कुणाला तरी हिशोब द्यायचा होता. बरीच बोलाचाली झाली आणि उचल पुढच्या हंगामात फेडायची असं ठरलं. बाळूची धाकटी बहीण अंगणवाडीत जाऊ लागली. आणि डिसेंबरच्या एका सकाळी, प्रार्थना संपता संपता, बाळू शाळेच्या फाटकात उभा राहिला!

दुपारी खिचडी वाटून झाल्यावर मी त्याला बाजूला बोलावलं. म्हटलं, "बाळू, त्या दिवशी घाटावर बाईंचं चुकलं रे."

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही पैसं दिलं, पण बोलला न्हाईत."

मुलांनो, डी.एड.ला आम्हाला मानसशास्त्राचं जाडजूड पुस्तक होतं. पण त्या तिसरीतल्या पोराने मला जे एका वाक्यात शिकवलं, ते त्या पुस्तकात नव्हतं. मी दहा रुपये त्याला मदत व्हावी म्हणून दिलेच नव्हते. मला तिथून लवकर निघता यावं म्हणून दिले होते! आपली आजी भाकरी द्यायची, तेव्हा खोकल्याची चौकशीही करायची. तिला त्या बुवांचं गाव ठाऊक होतं, दुखणं ठाऊक होतं. मी भाकरीची जागा नोटेला दिली, आणि चौकशी मात्र गाळून टाकली.

सगळं छान छान झालं असं सांगून मी गोष्ट संपवणार नाही, कारण तसं झालं नाही. माघी वारीच्या वेळी बाळू पुन्हा तीन दिवस गायब झाला. वडिलांच्या औषधाला पैसे कमी पडले होते. मी चिडले, रडकुंडीलाही आले. चौथ्या दिवशी तो आपणहून आला. आज तो सहावीत आहे. अजूनही यात्रा जवळ आली की माझा जीव धाकधूक करतो, आणि मी आधीच त्याच्या घरी चक्कर टाकून येते.

माझ्या वर्गाला ही गोष्ट नाव न सांगता मी सांगितली. सगळे गप्प बसले. मग मागच्या बाकावरची तीच मुलगी म्हणाली, "बाई, मग स्टँडवरच्या आजीलापण काही द्यायचं नाही का? ती काय खाईल?"

किती योग्य प्रश्न! आमच्या तालुक्याच्या स्टँडवर एक म्हाताऱ्या आजी बसतात. डोळ्यांना दिसत नाही, हात थरथरतात. मी त्यांना रोज पाच रुपये देते, कधी डब्यातली पोळी देते, आणि हो, दोन शब्द बोलतेही. मला त्यात काही चूक वाटत नाही. त्यांना दिलेल्या पाच रुपयांनी कोणाची शाळा बुडत नाही. म्हणजेच 'भिकाऱ्याला द्यावं की देऊ नये' असं एकच उत्तर सगळ्यांना लावता येत नाही. समोर कोण आहे, हे आधी पाहायला हवं. गणितात नाही का, आधी उदाहरण नीट वाचा, मग बेरीज की वजाबाकी ते ठरवा!

पण त्या आजींनासुद्धा माझे पाच रुपये पुरे नाहीत. आपल्या राज्यात निराधारांसाठी संजय गांधी निराधार योजना आहे, पासष्ट वर्षांवरच्या गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ साली त्यांची रक्कम महिन्याला १५०० रुपये झाली. पण अर्ज कोण भरणार? वयाचा दाखला कोण आणणार? ज्याला दिसत नाही, तो तहसील कचेरीच्या किती खेपा घालणार? मला वाटतं, पाच रुपये देण्यापेक्षा एका आजीचा एक अर्ज भरून देणं हे मोठं दान आहे. मी तो भरून दिला आहे. वयाच्या दाखल्यापाशी अडला आहे. पाठपुरावा चालू आहे.

आपल्याकडच्या थोर माणसांनी हेच केलं. गाडगेबाबा स्वतः घरोघर भाकरी मागून खात, पण आधी खराट्याने गाव झाडून काढत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूरसारख्या ठिकाणी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि कीर्तनातून ते सांगत, मुलांना शिकवा. बाबा आमटे यांनी कुष्ठरोगी माणसं रस्त्यावर हात पसरताना पाहिली. त्या काळी कुष्ठरोग झाला की घरचेही हाकलून देत. बाबांनी त्यांच्या हातावर नाणी ठेवली नाहीत. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभं केलं. सुरुवातीला जवळ होते अवघे १४ रुपये, सहा रुग्ण आणि एक लंगडी गाय! त्याच रुग्णांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग चालवले. बोटं झडलेल्या हातांनासुद्धा काम करता येतं, आणि कामाने माणसाची मान ताठ होते, हे त्यांनी सगळ्या जगाला दाखवून दिलं.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, आम्ही तर लहान! आम्ही काय करणार?" सांगते.

पहिली गोष्ट. नाही म्हणायचं असेल तरी खेकसून म्हणू नका. 'ए, चल हट' हे शब्द आपल्या तोंडात शोभत नाहीत. नजरेला नजर देऊन 'नाही रे दादा' म्हटलं तरी पुरतं.

दुसरी गोष्ट. तुमच्याएवढ्या मुलाला पैसे देऊ नका. भूक लागली असेल तर आईबाबांना सांगून केळं द्या, बिस्किटांचा पुडा फोडून द्या, म्हणजे तो त्याच्याच पोटात जाईल.

तिसरी गोष्ट. एखादं मूल एकटं, घाबरलेलं, आजारी दिसलं, किंवा कुणी त्याला दमदाटी करून मागायला लावतंय असं वाटलं, तर स्वतः मध्ये पडू नका. जवळच्या मोठ्या माणसाला सांगा आणि १०९८ हा नंबर फिरवायला लावा. ही खास मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. १९९६ साली मुंबईत ती सुरू झाली, आता देशभर आहे. रात्री-अपरात्री केव्हाही फोन लागतो आणि पैसे पडत नाहीत. आजच हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

चौथी गोष्ट सगळ्यांत सोपी, आणि मला विचाराल तर सगळ्यांत मोठी. तुमच्या वर्गात कुणी आठ दिवस येत नसेल, तर त्याच्या घरी जा. "का रे येत नाहीस?" एवढं विचारा, आणि तुमच्या बाईंना किंवा सरांना येऊन सांगा. मी लाल शाईची ती गैरहजेरी मांडली, त्याच आठवड्यात बाळूच्या घरी गेले असते, तर कदाचित तो घाटावर बसलाच नसता.

आणि पालकांनो, तुम्हालाही हात जोडून एक सांगते. मुलांच्या हातून नाणं टाकवून घेणं हा दयेचा पहिला धडा, असं आपण समजतो. तो धडा तिथेच संपवू नका. घरी गेल्यावर ते मूल शाळेत का नसेल, याबद्दल पाच मिनिटं बोला. वर्षाकाठी असं सुट्टं जे काही आपल्या हातून सुटतं, ते एका डब्यात साठवा. वर्षअखेर ते एखाद्या गरजू मुलाच्या वह्यांना, गणवेशाला, दवाखान्याला लावा. कुणाला दिलं आणि पुढे काय झालं, हे तुम्हाला कळेल. आणि मुलांनाही कळेल.

परवा बाळू भेटला होता. उंच झालाय. म्हटलं, "काय रे, यंदा कार्तिकीला जाणार का?"

"जाणार की, बाई," तो म्हणाला. "आज्जीला दर्शनाला न्यायचंय. एकाच दिवसात माघारी येणार, सोमवारी घटक चाचणी हाय."

तुम्हाला काय वाटतं, बालमित्रांनो? त्या खिडकीखालच्या मुलीला तुम्ही काय दिलं असतं? आज रात्री जेवताना घरी सगळ्यांशी बोला, आणि तुमचं उत्तर मला पत्राने जरूर कळवा. माझ्यापेक्षा चांगलं उत्तर सापडलं, तर मी ते वर्गातल्या फळ्यावर लिहीन.

तुमची,
बाई